सर्व्हर ‘स्टॉप’ केला तरी मीटर चालूच असतो
एडब्ल्यूएसवर, म्हणजे ॲमेझॉनच्या भाड्याने सर्व्हर देणाऱ्या क्लाउड सेवेवर, बिल वापराप्रमाणे येतं, म्हणून अनेक छोटे व्यावसायिक सुट्टीत सर्व्हर ‘स्टॉप’ करून ठेवतात. सवय चांगली आहे, पण त्याने फक्त सर्व्हर चालवण्याचं भाडं थांबतं. जोडलेली डिस्क, जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या साठवलेल्या प्रती) आणि राखून ठेवलेला पब्लिक आयपी पत्ता (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) यांचे पैसे लागतच राहतात. कोणत्याही पब्लिक आयपीव्ही४ (नेहमीच्या, चार आकड्यांच्या) पत्त्याला १ फेब्रुवारी २०२४ पासून तासाला ०.००५ डॉलर पडतात, म्हणजे ३० दिवसांचे ३.६० डॉलर. एकाचं काही वाटत नाही. चाचणीसाठी घेतलेले दहा पत्ते सोडून द्यायचे राहिले, की महिन्याला ३६ डॉलर गेले. काम संपलं की पत्ता ‘रिलीज’ करा, नको असलेली डिस्क डिलीट करा.

एडब्ल्यूएसमध्ये ‘बजेट’ (खर्चाची ठरवलेली मर्यादा) लावलं म्हणजे खर्च अडतो, हा समज मला सगळ्यात घातक वाटतो. वेगळी कृती जोडली नसेल तर ते फक्त इशारा देतं, सेवा बंद करत नाही. शिवाय आकडे काही तास मागे असतात. म्हणून इशारा बजेटच्या ५० आणि ८० टक्क्यांवर ठेवा, आणि तो डेव्हलपरबरोबर हिशेब बघणाऱ्यालाही जाऊ द्या.