वसुबारसेआधीचे बारा दिवस: लहान मुलांसोबत मातीचा किल्ला

कोजागिरी ते वसुबारस मोजून बारा दिवस. याच सुमारास सहामाही संपते, शाळांना सुट्टी लागते आणि साताऱ्यात गल्लोगल्ली दारात मातीचे ढीग दिसू लागतात. किल्ला बिघडतो तो हातात कला नाही म्हणून नव्हे. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री घाईने उरकला जातो, म्हणून बिघडतो. माती वाळायला वेळ घेते, हिरवळीसाठी पेरलेलं हळीव उगवायला वेळ घेतं, आणि पाच वर्षांच्या मुलाला एकच बुरूज तीनदा पाडून पुन्हा करायचा असतो. या तिघांनाही वेळ मिळेल असं आधी बसवा.

त्यासाठी दिवस मागून मोजायचे. हळीव पेरायचं वद्य अष्टमीला, म्हणजे वसुबारसेच्या चार दिवस आधी. त्याच्या आदल्या दिवशी तट-बुरूज, त्याआधीचे दोन दिवस लिंपण, चतुर्थीला आतला सांगाडा, आणि माती द्वितीयेपर्यंत अंगणात येऊन पडलेली हवी. तिथी एखाद्या दिवसाने मागेपुढे होते, तेव्हा दिनदर्शिकेवर मुलांकडूनच खुणा करून घ्या. रोज फार तर चाळीस मिनिटं. त्यापुढे लहानांचं लक्ष उडतं, मग मोठी माणसं हातातून खोरं काढून घेतात आणि किल्ला बाबांचा होतो.

आधी खरा किल्ला बघा

साताऱ्यात हे सोपं आहे. अजिंक्यताऱ्यावर दरवाजाच्या जवळपर्यंत गाडीरस्ता आहे. सकाळी लवकर जा, सोबत एक वही आणि पेन्सिल असू द्या. मुलांना तीनच गोष्टी शोधायला सांगा: दरवाजा दुरून दिसतो का, पाणी कुठे साठवलंय, आणि तट डोंगराच्या कडेने कसा वळत जातो. दरवाजाच्या दोन्ही अंगांना बुरूज का, हे तिथे उभं राहिल्यावर सहा वर्षांच्या पोरालाही कळतं. वरून सज्जनगड आणि यवतेश्वराचा डोंगर दाखवा.

गोष्ट सांगायची तर याच किल्ल्याची सांगा. १६७३ मध्ये तो शिवाजी महाराजांनी घेतला. १६९९च्या डिसेंबरात औरंगजेबाने वेढा घातला आणि किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी तो १७००च्या एप्रिलपर्यंत लढवला. मोगलांनी सुरुंग उडवले तेव्हा तटाचा ढिगारा खाली उभ्या त्यांच्याच सैन्यावर कोसळला. पुढे बादशहाने गडाला आझमतारा नाव दिलं, आणि ताराराणींच्या काळात गड परत आल्यावर तो अजिंक्यतारा झाला. एवढं पुरतं. अंगणातल्या किल्ल्याला पाटी कोणत्या नावाची लावायची, हा प्रश्न पुढचे आठ दिवस मुलांच्या डोक्यात घोळत राहतो.

पहिलाच किल्ला असेल तर अजिंक्यताराच करा. माथा सपाट, घडण लांबट, मातीत उतरवायला सोपा. दुसऱ्या वर्षी प्रतापगड घ्या, त्यात वरचा बालेकिल्ला आणि खालची माची असे दोन टप्पे करता येतात. वासोट्याच्या बाबूकड्यासारखा उभा कडा मातीत टिकत नाही. तो हट्ट मुलं दहा-बारा वर्षांची होईपर्यंत लांबवा.

माती

निम्मं यश इथेच आहे. कराडपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठची काळी माती हाताला लोण्यासारखी लागते, पण नुसत्या काळ्या मातीचा किल्ला दोन दिवसांत भेगाळतो. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात त्याच कारणाने किल्ल्यालाही पडतात. उलट नुसता मुरूम घेतला तर तो धरूनच राहत नाही, उतारावरून घरंगळतो. दोन घमेली लाल माती, एक घमेलं काळी, अर्धं घमेलं बारीक वाळू आणि दोन ओंजळी गव्हाचा भुसा, हे मिश्रण बहुतेक ठिकाणी जमतं. भुसा मातीला आतून बांधून ठेवतो. भुसा नसेल तर वाळलेलं गवत बोटभर लांबीचं कातरून घाला. हे कातरकाम सात-आठ वर्षांच्या मुलांना बोथट कात्रीने झेपतं.

चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच किल्ल्याला आत दगड-विटा भरल्या तर सात-आठ घमेली माती पुरते. सांगाडा न करता नुसत्या मातीचाच करायचा म्हटलं, तर तिप्पट लागते आणि आतला गाभा दिवाळी संपेपर्यंत ओलाच राहतो.

माती शेताच्या बांधावरून आणायची तर मालकाला विचारून आणा. शहरात घराचा पाया खणला जातो तिथे मुरूम मिळतो, लाल माती रोपवाटिकेत विकत मिळते. गडावरची किंवा कास पठारावरची माती आणू नका. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि तिथल्या फुलांना जगायला मुळात बोटभरच माती असते.

चाळायचं काम मोठ्या माणसाने करावं. काचा, खिळे, ब्लेडचे तुकडे निघतात. अंगणात पडून असलेल्या विटा आणि दगडही मोठ्यांनीच उचलावेत, आधी पायाने किंवा काठीने उलथून. खाली विंचू, गोम असते. हे दरवर्षी सांगूनही राहून जातं, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

सांगाडा आणि लिंपण

जागा भिंतीला टेकून घ्या, पण भिंतीला माती लागू नये म्हणून मधे जुना पत्रा किंवा प्लास्टिकचा कागद उभा करा. खाली मोठ्या विटा, वर लहान दगड, असा पायऱ्या-पायऱ्यांचा ढीग रचा. हलवून बघा. हलला तर मुलं माथ्यावर हात टेकतील तेव्हा खचणार. उतार साधारण असा ठेवा, की दोन फूट उंचीला पायथा दोन फूट पुढे यावा. त्याहून उभा केला की लिंपण आपल्याच वजनाने खाली सरकतं.

आता जुनं गोणपाट घ्या. बादलीत मातीची राबडी करा, ताकासारखी पातळ नको, पिठल्यासारखी हवी. गोणपाट तिच्यात बुडवून काढा आणि सांगाड्यावर पांघरा. घड्या पडल्या तर पडू द्या, वाळल्यावर त्याच डोंगराच्या सोंडा आणि घळी दिसतात. लहानग्यांना सगळ्यात आवडणारं काम हेच. कपडे जुने घाला.

गोणपाट तासाभरात ओढून घेतं, मग त्यावर माती चढवायची. मूठभर माती दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, तळहाताला पाणी सुटता कामा नये. पहिल्या दिवशी बोटाच्या एका पेराएवढा थर, रात्रभर वाळू द्या, दुसऱ्या दिवशी पृष्ठभाग ओला करून दुसरा तेवढाच. एकदम जाड थर दिला तर वरचं कातडं वाळतं, आत ओल राहते आणि मोठी भेग पडते. पडलीच, तर कोरड्या भेगेत कोरडी माती भरू नका, ती दुसऱ्या दिवशी निघून येते. भेग आधी पाण्याने भिजवा, राबडी बोटाने आत दाबा, वर मातीचा हात फिरवा.

फ्लॅटमध्ये एवढं वजन गॅलरीत घालायचं नाही. दोन फूट बाय दीड फुटांची प्लायवूडची फळी घ्या, खाली प्लास्टिक, आणि आत विटांऐवजी खोकी. खोक्याला माती थेट लावली की पुठ्ठा भिजून बसतो, म्हणून खोकी आधी दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळून घ्या. माती दोन घमेल्यांत भागते.

तट, बुरूज, तळं

बुरजासाठी स्टीलचा पेला उत्तम. आत कोरडी वाळू भुरभुरवा, माती दाबून भरा, उलटा करून बुडावर थाप द्या. पेला सरळ उभट असेल तर माती अडकते, वर पसरट असलेला घ्या. बुरूज बसवायची जागा आधी बोटाने खरवडून ओली करा, नाहीतर तो नुसता ठेवल्यासारखा राहतो आणि धक्क्याने निघतो. कडेवर चऱ्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दाते, कोरायला चहाचा चमचा; जंग्यांना, म्हणजे मारा करायच्या भोकांना, अगरबत्तीची काडी. पायऱ्यांना आइस्क्रीमच्या काड्या. गुहेला अर्धी करवंटी.

तळ्यासाठी नुसता खड्डा करू नका, माती सगळं पाणी पिते आणि उतार आतून ढिला होतो. वाटी किंवा बरणीचं झाकण काठापर्यंत पुरा. पाणी एक दिवसाआड ओतून नवं भरा, साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

लहान-मोठ्यांत कामाची वाटणी सरळ करा. तीन-चार वर्षांचं मूल माती तुडवेल, राबडी थापेल. पाच ते सात वर्षांची मुलं पेल्याचे बुरूज पाडतील, वाट आखतील. आठच्या पुढच्यांनी नकाशा काढावा आणि दरवाजा कुठे ते ठरवावं. वाट वाकडी झाली तर वाकडी राहू द्या.

हळीव

चार बाय तीन फुटांच्या किल्ल्याला पन्नास ग्रॅम हळीव पुरतं, किराणा दुकानात मिळतं. मोहरीही उगवते, पण तिचे दाणे उतारावरून घरंगळून पायथ्याशी गोळा होतात. हळीव भिजलं की त्याभोवती चिकट बुळबुळीत वेष्टण येतं, म्हणून ते उभ्या उतारालाही धरून राहतं. पन्नास ग्रॅमला दोन वाट्या पाणी, अर्धा तास. मग त्यात दोन मुठी चाळलेली माती कालवा, म्हणजे गोळे होणार नाहीत. किल्ला हलका ओला करून हे मिश्रण मुलांना बोटांनी पसरू द्या. तट, वाट आणि पायऱ्यांवर आधी कागदाच्या पट्ट्या ठेवल्या तर तिथे हिरवळ येत नाही.

पेरल्यावर पहिला दिवस पातळ सुती ओलं फडकं झाकून ठेवा. चिमण्या आणि मुंग्या दोघीही दाणे नेतात. चोवीस तासांनी फडकं काढाच. जास्त वेळ झाकलं, किंवा बी दाट पडलं, की पांढरी बुरशी धरते आणि तेवढा भाग सडतो. पाणी तांब्याने ओतलं तर सगळं वाहून जातं. फवारणीची बाटली नसेल तर बोटांनी शिंपडा, सकाळी आणि संध्याकाळी. दुपारच्या ऑक्टोबर हिटमध्ये साडीचा आडोसा करा. दुसऱ्या दिवशी पांढरे मोड दिसतात, वसुबारसेला हिरवी लव, पाडव्यापर्यंत दोन-अडीच इंच. आठवडाभर आधी पेरलं असतं, तर ते पाडव्याला लोळलेलं आणि पिवळं दिसलं असतं.

परतीच्या पावसाचा भरवसा नाही. आभाळ भरून आलं की चार काठ्यांवर प्लास्टिक ताणा, किल्ल्याला टेकू देऊ नका, आणि पायथ्याभोवती चार बोटं खोल चर काढून पाणी बाहेर काढा.

चित्रं आणि मावळे

बाजारातली चित्रं, म्हणजे किल्ल्यावर मांडायच्या छोट्या मूर्ती, आणायची तर मोठी पुढे, लहान मागे आणि वर ठेवा. उलटं केलं की किल्ला बुटका दिसतो. माथ्यावर फक्त महाराज. मावळे घरी करायला गणपतीची उरलेली शाडू वापरता येते. अंगठ्याएवढाच करा, पाय वेगळे काढू नका, खाली रुंद बैठक द्या, हात अंगाला चिकटवा. सुटे हात वाळताना गळतात. भाल्याला खराट्याचा हीर, तो माती ओली असतानाच खोचा. दोन दिवस सावलीत वाळवा, उन्हात ठेवले तर तडकतात. गेरू पाण्यात कालवताना चमचाभर डिंक घाला, म्हणजे हाताला रंग लागत नाही. तटाला पांढरी रेघ हवी असेल तर रांगोळी वापरा. कळीचा चुना मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती असते.

पणत्या पायथ्याशी, मुलांच्या बसण्याच्या जागेपासून हातभर लांब. दिवाळी संपली की किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावून उडवण्याची पद्धत अनेक गल्ल्यांत आहे. ती आपल्या घरी बंद करा. आतले खडे थेट डोळ्यांच्या उंचीवर उडतात.

उतरवायचा तेव्हा आधी महाराजांची मूर्ती मुलांच्या हातून घरात न्या, मग मावळे पुसून कागदात गुंडाळा. माती हळिवाच्या मुळांसकट कुंड्यांत भरा, भुसा त्यातच कुजतो. गोणपाट धुऊन, कडकडीत वाळवून ठेवलं तर पुढच्या वर्षी पुन्हा चालतं.