रेघ दिसली की बोअर? प्रस्तरभंग वाचताना या चुका टाळा

मार्च उजाडला की माझ्या फोनवर उपग्रहचित्रं यायला लागतात. भूजलाच्या कामाला नव्यानं लागलेली मुलं त्यावर लाल रेघ ओढून विचारतात, "सर, प्रस्तरभंग सापडला. रेघेवरच बोअरचा पॉइंट देऊ ना?" प्रस्तरभंग म्हणजे खडक तुटून त्याच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकल्या ती जागा. नको देऊस, बाळा. आधी शेतात जा.

रेघेच्या मधोमध बोअर

ही चूक सर्वांत महाग, आणि पैसे जातात ते शेतकऱ्याचे. प्रस्तरभंग म्हणजे पाण्याची पाइपलाइन नव्हे. खडकाच्या दोन बाजू जिथं एकमेकींवर घासल्या, तिथला गाभा भरडून पीठ होतो आणि पुढं त्याची चिकणमाती होते. ती पाणी आडवं जाऊ देत नाही. गाभ्याच्या दोन्ही अंगांचा खडक मात्र तडकलेला असतो. पाणी वाहतं ते त्या तडकलेल्या पट्ट्यातून, गाभ्याच्या कडेकडेनं.

मंगळवेढ्याकडच्या एका शेतात असाच पॉइंट कुणीतरी घरी बसून दिला होता. रात्री अकराला बोअरची गाडी लागली. चाळीस फुटांपासून हिरवट-तांबूस चिखलाचे गोळे वर यायला लागले, हॅमर दोनदा अडकला आणि ३२० फुटांवर मालकानं हात जोडले. "साहेब, फुफाटाबी नाही अन् पाणीबी नाही." दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या विहिरीत उतरलो. भिंतीत हातभर रुंद मातीचा पट्टा उभा होता. चढाच्या बाजूच्या तडांमधून पाणी झिरपत होतं, उताराच्या बाजूचा काळा पाषाण कोरडा ठाक. पट्ट्यानं पाणी अडवून धरलं होतं. चढाच्या अंगाला पंचवीस फूट सरकून दुसरा बोअर घेतला. १४० फुटांवर दोन इंच पाणी लागलं. पहिल्या बोअरचे पैसे मात्र गेले ते गेलेच. त्या माणसाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून आसपासच्या विहिरीत उतरल्याशिवाय मी पॉइंट देत नाही. पट्ट्यातली मूठभर माती ओली करून तळहातावर वळतो. दोऱ्यासारखी वळली, तर तिथं बोअर नाही. एवढ्या वेळात तीन सर्व्हे झाले असते म्हणणारे भेटतात. त्यांनी करावेत.

"पाणी वंगणाचं काम करतं"

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीनं सोलापूरलाही जागं केलं. तेव्हापासून भूकंपाचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, खडकात पाणी मुरलं, निसरडं झालं आणि घसरलं. एम.एस्सी.ची मुलंही असंच लिहितात, याचं वाईट वाटतं. कठीण खडक ओला झाल्यानं त्याचं घर्षण फारसं उतरत नाही. काम करतो तो भेगेतल्या पाण्याचा दाब.

एक किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा भार साधारण २६५ बार (एक बार म्हणजे जवळपास हवेच्या दाबाइतका दाब), आणि तिथपर्यंत सलग पाणी असेल तर त्याचा दाब ९८ बारच्या आसपास. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर दाबून धरणाऱ्या ताणातून हा पाण्याचा दाब वजा होतो. उरतो तो प्रभावी ताण, आणि घर्षण त्याच्यावर ठरतं. पाण्याचा दाब वाढला की पकड सैल होते. बाजूनं रेटणारा ताण मात्र तेवढाच राहतो.

आता कोयना बघा. धरण १०३ मीटर उंच, म्हणजे जलाशयाच्या तळाशी फार तर दहा बारची भर, आणि खोलवर पोचेपर्यंत तीही कमी होते. एवढ्यानं ६.३ तीव्रतेचा भूकंप होतो, याचा अर्थ भेग आधीच घसरण्याच्या काठावर होती. साठलेला ताण जमिनीचा, पाण्यानं फक्त धक्का दिला. हे न सांगता नुसतं "धरणामुळं भूकंप" म्हणणं अर्धवट आहे.

याच्याच पोटातली दुसरी चूक म्हणजे आज पाणी भरलं तर परिणामही आजच शोधायचा. दाब भेगांमधून हळूहळू पसरतो. कोयनेचा जलाशय १९६२ मध्ये भरायला लागला, मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. अमेरिकेत डेन्व्हरजवळ ३,६७१ मीटर खोल विहिरीत सांडपाणी सोडत होते. ते फेब्रुवारी १९६६ मध्ये थांबवलं, आणि तिथले सर्वांत मोठे धक्के १९६७ मध्ये बसले. दोन महिन्यांच्या नोंदी बघून "काही संबंध नाही" असं लिहिणाऱ्यांचा अहवाल मी परत पाठवतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. कालवा, जुनी गाडीवाट आणि बांधसुद्धा वरून सरळ रेघच दिसतात. बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, चुंबकत्व असतं, म्हणून होकायंत्र खडकावर ठेवून दिशा घेऊ नका. कंबरेइतक्या उंचीवर धरा, दोन पावलं मागं सरकून पुन्हा बघा. भेगेची दिशा घेतली आणि कल, म्हणजे ती खाली किती तिरपी जाते ते, घेतलाच नाही, तर खाली भेग कुठं सापडणार? कुर्डुवाडीचा 'भंग', म्हणजे जमिनीखाली खचलेला म्हणून मांडलेला पट्टा, शेतात शोधत हिंडू नका. १९७३ मधली ती मांडणी गुरुत्वाकर्षणाच्या मोजमापांवरून केलेली आहे, गोष्ट ट्रॅपच्या, म्हणजे दख्खनच्या बेसाल्ट थरांच्या, खालची आहे.

आणि भेग एकदा उघडी म्हणजे कायम उघडी, असं धरू नका. तिच्यातून वाहणारं पाणीच कॅल्साइट आणि झिओलाइट ही खनिजं आणून तिला बुजवतं. पुन्हा घसरण झाली तर ती परत उघडते, नाहीतर पांढरी शीर होऊन बसते. माझ्या पिशवीत सौम्य ॲसिडची छोटी बाटली असते. शिरेवर थेंब टाकला आणि फसफसलं, तर ते कॅल्साइट. मग तिच्यात न बुजलेली फट राहिली आहे का, हे भिंगानं बघूनच पुढं सरकतो.