पागडीच्या चाळीत भाडेकरूंची एकजूट कशी करावी: सुरुवात यादीपासून

मालकाने चाळ बिल्डरला विकल्याची कुणकुण लागली की सल्ले सुरू होतात: वकील गाठा, संघ रजिस्टर करा, नगरसेवकाला बोलवा. हे सगळं नंतरचं. गिरगाव, लालबाग, परळ इथल्या सेसच्या इमारतींत, म्हणजे ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या आणि दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या चाळींत, एकजूट टिकते ती एका कागदावर. तो कागद म्हणजे खोलीवार यादी.

१. बैठक. रविवारी सकाळी, गॅलरीतच. प्रत्येक माळ्यावरून दोन माणसं निवडा आणि त्यातली एक बाई असू द्या, कारण बिल्डरचा माणूस दुपारी येतो आणि तेव्हा घरात बायकाच असतात. वर्गणी, हजेरीची वही, ग्रुप हे एका दिवसात होतं.

२. यादी. रकाने पाच: खोली क्रमांक, पावतीवरचं नाव, आज कोण राहतं, भिंतींच्या आतून टेपने मोजलेलं क्षेत्रफळ, पुरावे. पुराव्यांत सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी भाडेपावती, लाइट बिल, रेशनकार्ड घ्या. शिवाय महापालिकेच्या करनिर्धारण खात्यातून १९९५-९६ चा इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे खोल्या आणि भाडेकरूंच्या नोंदीचा उतारा, काढाच. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खाली, म्हणजे सेसच्या इमारतींसाठीच्या नियमाखाली, होणाऱ्या पुनर्विकासात १३ जून १९९६ नंतर तयार केलेले भाडेकरू धरले जात नाहीत. मालकाच्या यादीत अचानक नव्या खोल्या आणि अनोळखी नावं उगवली, तर त्यांना उत्तर हाच उतारा देतो.

खरी अडचण दुसऱ्या रकान्यात आहे. पावती आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन वीस वर्षं झाली, एक मुलगा खोलीत, दुसरा डोंबिवलीत, मुलगी सासरी. ‘हे घरातलं भांडण, आपण कशाला पडा’ असं म्हणून संघ बाजूला होतो, आणि तिथेच चाळ फुटते. समजा चाळीत ४० खोल्या आहेत. बिल्डरला ५१ टक्के संमती हवी, म्हणजे २१ सह्या. ठाम विरोध असलेल्या दारावर तो जातच नाही. तो डोंबिवलीतल्या भावाकडे जातो, ‘तुमचाही हक्क आहे’ म्हणतो आणि सही घेतो. अशा सात-आठ खोल्या मिळाल्या की त्याचं गणित जमत आलं.

म्हणून या खोल्या आधी हाती घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ७(१५) सांगतं की भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे हक्क जातो. असं कोणी नसेल तर वारसाकडे. दावेदार अनेक असतील तर आपसांत ठरवून, नाहीतर कोर्टाकडून. आपसांतच ठरवा. भाडेकरू म्हणून नाव कोणाचं आणि उद्याच्या मालकीच्या घरात कोणाचा किती वाटा, हे दोन प्रश्न वेगळे काढा. एकत्र ठेवले तर बैठक हमखास मोडते. दोन्हींची उत्तरं स्टॅम्प पेपरवर लिहा, मसुदा वकिलाकडून तपासून घ्या, बहिणींच्या सह्या विसरू नका. एका खोलीला तीन-चार बैठका लागतात, तेवढा वेळ द्या.

३. भाडं. एक महिनाही थकवू नका. ‘मालक घेत नाही, मग राहू दे’ हा सगळ्यांत घातक सल्ला आहे. थकबाकी हेच खोलीतून बाहेर काढण्याचं सोपं कारण. घेतलं नाही तर चेक स्पीड पोस्टाने पाठवा आणि परत आलेलं पाकीट न फोडता जपा. थकबाकीची लेखी नोटीस आली तर ९० दिवस असतात, ते बैठकांत घालवू नका. पावती देणं मालकावर बंधनकारक आहे (कलम ३१). पाणी किंवा वीज तोडली तर कलम २९ खाली लघुवाद न्यायालयात जाता येतं.

४. सह्या. एकट्याने कोणीही सही करायची नाही. कोऱ्या कागदावर तर नाहीच, ‘फक्त हजेरी’ म्हणून आणलेल्या कागदावरही नाही. संमतीपत्र आधी संघाकडे येईल आणि त्यात खोलीनिहाय चटई क्षेत्र, संक्रमण काळातलं भाडं आणि ताब्याची मुदत आकड्यांत असेल. ३०० चौरस फूट हे किमान क्षेत्र कायद्यानेच मिळतं. ते देतो म्हणून बिल्डरचे उपकार मानू नका.

५. ‘सी-१’ ची नोटीस. इमारत अतिधोकादायक ठरवणारा अहवाल मालकाने आणला, तर संघाने स्वतःचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं. दोन अहवाल जुळले नाहीत तर महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती निर्णय देते. इमारत खरोखर पडायला आली असेल तर लगेच बाहेर पडा, जीव आधी. पण पाडकामापूर्वी अधिकाऱ्यांकडून प्रत्येक खोलीचं माप आणि भाडेकरूचं नाव नोंदवून घ्या, आणि त्या नोंदीची सही-शिक्क्याची प्रत प्रत्येक घरात ठेवा.