ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल: कोणतं घ्यायचं आणि सोलापूरच्या उन्हात कसं बदलायचं

दुकानात जाऊन ‘ऑटोमॅटिकचं लाल ऑइल द्या’ असं सांगू नका. दुकानदार जे शिल्लक असेल ते काढून देईल आणि रंग लाल निघाला की तुमचंही समाधान होईल. रंग हा फक्त ओळखीसाठी घातलेला असतो, त्यावरून दर्जा कळत नाही. आपली गाडी कोणत्या जातीची ऑटोमॅटिक आहे, हे आधी बघा.

क्लच पेडल नसलेल्या सगळ्याच गाड्यांत एकसारखं यंत्र नसतं. एएमटी, म्हणजे मारुतीची एजीएस किंवा टाटाची एएमटी, ही आतून साधी मॅन्युअल गिअरबॉक्सच असते. तिला मॅन्युअलचंच गिअर ऑइल लागतं, एटीएफ (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) नाही. सीव्हीटीत गिअरऐवजी पुली आणि स्टीलचा पट्टा असतो, म्हणून तिचं ऑइल निराळं: होंडा सिटीच्या सीव्हीटीला एचसीएफ-२, ह्युंडाईच्या आयव्हीटीला एसपी-सीव्हीटी १. तिथे साधं एटीएफ गेलं तर पट्टा पुलीवर घसरतो आणि दोन्हींवर चरे पडतात. मग ऑइल बदलून भागत नाही, गिअरबॉक्सची अख्खी पेटी बदलावी लागते. डीसीटीमध्येही, म्हणजे दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये, कोरडा क्लच आणि ओला क्लच असे दोन प्रकार आहेत आणि दोघांची ऑइलं वेगळी. खरं एटीएफ लागतं ते टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीला, म्हणजे जिथे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला मिळते. पुढची सगळी कृती तिचीच आहे.

टॉर्क कन्व्हर्टरमध्येही एकच एटीएफ सगळीकडे चालत नाही. ह्युंडाई-कियाच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकला एसपी-४ लागतं (डब्यावर चार हा आकडा रोमन असतो), तर इनोव्हा क्रिस्टाला टोयोटा डब्ल्यूएस. ही दोन्ही पातळ ऑइलं आहेत. जुनं डेक्सरॉन-३ त्यांच्यापेक्षा जाड. ते नव्या गिअरबॉक्समध्ये गेलं तर सोलनॉइड (विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह) आणि इतर व्हॉल्व्हच्या बारीक वाटांतला दाब बिघडतो आणि गिअर झटका देऊन पडतात. दुसरं म्हणजे घर्षण. क्लचच्या चकत्या ऑइलमध्ये बुडालेल्या असतानाच एकमेकींना पकडतात. ती पकड किती आणि कशी बसावी, हे ऑइलमधल्या रसायनांवर ठरतं. म्हणून मालकाच्या पुस्तिकेत जो कोड छापलाय तोच डब्यावर शोधा.

‘सर्व गाड्यांसाठी’ असं लिहिलेलं ऑइल वाईटच असतं असं नाही. पण डब्याच्या मागची ओळ नीट वाचा. ‘मान्यताप्राप्त’ आणि ‘योग्य’ यांत फरक आहे: पहिल्यात गाडी किंवा गिअरबॉक्स कंपनीने ऑइल तपासलेलं असतं, दुसरा निव्वळ ऑइलवाल्याचा शब्द. गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीचंच घ्या आणि बिल जपून ठेवा. सुटं ऑइल कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. सील आणि बॅच नंबर पाहूनच डबा उचला.

कधी बदलायचं? काही कंपन्या ‘आयुष्यभराचं ऑइल’ म्हणतात. त्यावर फार विसंबू नये. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षं ही मुदत देते. पुस्तिकेत खडतर वापराचा वेगळा तक्ता असतो, सोलापूरकरांनी तोच आपला मानावा. एप्रिल-मेत पारा ४० च्या वर असतो, गळीत हंगामात मोहोळ-पंढरपूरकडे उसाच्या डबल ट्रॉलीमागे रांगत जावं लागतं, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाच्या आसपास गाडी इंचाइंचाने सरकते. अशा वेळी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये ऑइल नुसतं घुसळलं जातं. गाडी पुढे जात नाही, सगळी ताकद उष्णतेत जाते आणि ऑइल लवकर जळतं. अशा वापरात ५०-६० हजारांवर बदललेलं बरं.

पूर्ण रिकामं होत नाही, हे आधीच समजून घ्या. ज्या गिअरबॉक्समध्ये एकूण ७ लिटर ऑइल मावतं, तिचा ड्रेन प्लग (ऑइल काढायचा खालचा नट) उघडला की साधारण साडेतीन-चार लिटर निघतं. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहतं. म्हणजे एकदा बदललं की निम्मं नवं, दुसऱ्यांदा ७५ टक्के, तिसऱ्यांदा सुमारे ८८ टक्के. मध्ये चार-पाचशे किलोमीटर गाडी चालवून दोनदा बदलणं पुरेसं. मशीन लावून एका दमात फ्लश करण्याचा आग्रह आम्ही करत नाही. लाखभर किलोमीटर हात न लावलेल्या पेटीत तर नकोच. तळाला बसलेला गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे व्हॉल्व्हच्या बारीक वाटा असलेल्या भागात, अडकू शकतो.

आता सामान. पुस्तिकेतल्या कोडचं ऑइल ४ ते ५ लिटर, ड्रेन प्लग आणि लेव्हल (पातळी तपासायच्या) प्लगचे नवे वॉशर, लांब नळी लावलेलं नरसाळं, मापाच्या खुणा असलेला डबा, ठरावीक जोरानेच आवळता येणारा टॉर्क पाना, चार मजबूत स्टँड, चाकं सरकू नयेत म्हणून ठोकळे आणि तंतू न सोडणारं फडकं. शिवाय गिअर ऑइलचं तापमान दाखवणारा स्कॅनर. बाहेरून तापमान मोजणारी बंदूक पेटीच्या पत्र्याचा अंदाज देते, आतल्या ऑइलचा नाही.

पहिला नियम: भरायचा प्लग आधी सोडवून पाहा, मगच ड्रेन उघडा. भरायचा प्लग अडकला असेल आणि ऑइल आधीच काढून बसलात तर गाडी टोइंगवरच जाईल. ह्युंडाईच्या सहा गिअरवाल्यांत भरायची जागा वर, एअर फिल्टरच्या डब्याखाली असते. उघडण्याआधी तो भाग पुसून घ्या. आपल्याकडे वारा सुटला की धूळ कुठेही शिरते आणि या पेटीत धुळीचा कणही नको. दुसरी खात्री खालची. इंजिनचा ड्रेन आणि गिअरबॉक्सचा ड्रेन बऱ्याच गाड्यांत जवळजवळ असतात. भलताच नट सोडून इंजिन रिकामं केलं आणि वरून गिअरबॉक्समध्ये आणखी चार लिटर ओतलं, असेही प्रकार होतात.

गाडी चारही बाजूंनी समपातळीत उचला. ऑइल कोमट असताना काढा, चटका बसेल इतकं गरम नको. निघालेलं ऑइल मोजून लिहून ठेवा. प्लगच्या चुंबकावर काळसर-करडा मऊ लगदा असेल तर ती नेहमीची झीज आहे, बोटावर घेतला तर शाईसारखा पसरतो. चकचकीत कण, काप किंवा तुकडे हाताला लागले, किंवा ऑइलला जळका वास आला, तर नवं भरायच्या आधी जाणकाराला दाखवा. चकत्या गेल्या असतील तर नव्या ऑइलने त्या परत येत नाहीत.

ड्रेन प्लग नव्या वॉशरसह बसवा. पुस्तिकेतला टॉर्क पाळा, कारण पेटी अ‍ॅल्युमिनियमची असते आणि जास्त जोर लावला की आटे निघतात. मग निघालं तेवढं ऑइल भरा आणि वर अर्धा-पाऊण लिटर जास्त. जास्तीचं लेव्हल प्लगमधून काढायचंच आहे.

खरी कसोटी पातळीची. ऑइल तापलं की फुगतं. ७ लिटर ऑइल ५० अंशांनी तापलं तर पाव लिटरहून जास्त वाढतं, म्हणून पातळी ठरलेल्या तापमानालाच मोजायची. ह्युंडाईच्या या पेटीला ५० ते ६० अंश लागतात. आयसिन या गिअरबॉक्स कंपनीच्या काही पेट्यांना ३५ ते ४५ च्या आसपास, आणि तिथे आपलं ऊन आडवं येतं. मेच्या दुपारी उन्हात उभ्या गाडीचं ऑइल सुरू करायच्या आधीच चाळिशीला टेकलेलं असतं. म्हणून अशा गाडीचं काम पहाटे, रात्रभर सावलीत उभी असताना सुरू करा.

इंजिन चालू करून ब्रेक दाबून ठेवा आणि पी, आर, एन, डी असं प्रत्येक जागी दोन-तीन सेकंद थांबत दोनदा फिरवा. पीमध्ये आणून, तापमान टप्प्यात आल्यावर इंजिन चालूच ठेवून लेव्हल प्लग काढा. आधी धार वाहील, मग ती बारीक होत जाईल. बारीक, संथ धार झाली की प्लग लावा. थेंबही आला नाही तर ऑइल कमी आहे: प्लग लावून आणखी भरा. इंजिन बंद ठेवून प्लग काढलात तर टॉर्क कन्व्हर्टरमधून खाली उतरलेलं ऑइल भसाभस येईल आणि जास्त भरलंय असा गैरसमज होईल. कमी पातळीत डीमध्ये टाकल्यावर गाडी उशिरा ओढते, जास्त झालं तर ऑइलचा फेस होतो आणि दाब टिकत नाही. दोन्हींचा त्रास एकसारखाच दिसतो, म्हणून अंदाजाने वर-खाली करत बसू नका, पुन्हा मोजा.

नंतर पंधरा-वीस किलोमीटर चालवा, मग सवडीने एकदा तुळजापूर घाटही चढून या. चढावर गिअर घसरत नाहीत ना आणि साधारण ५० ते ७० च्या वेगात कंप येत नाही ना, ते बघा. घरी आल्यावर दोन्ही प्लगखाली पांढरा कागद रात्रभर ठेवा. जुनं ऑइल त्याच रिकाम्या डब्यांत भरून झाकण लावा आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ते मोडतं, गटारात ओतायचं नाही. दुसऱ्या वेळेचे वॉशर आणि ऑइल मात्र याच खेपेला घेऊन ठेवा.