घरी इन्सुलिन देताना: आधी बाटलीवरचा आकडा, मग सिरिंजचं टोपण

इन्सुलिन घरी द्यायचं ठरलं की घरातली माणसं सुईला घाबरतात. सुई टोचायला दोन-तीन दिवसांत हात बसतो. स्टाफ नर्स म्हणून तीस वर्षं वॉर्डात काढली, त्यावरून सांगते, घोळ होतो तो त्याच्या आधी, सिरिंज भरताना. म्हणून बाकीचं भराभर सांगेन आणि तिथे थांबेन.

हात धुवा, शुगर तपासा, वहीत लिहा. साधं इन्सुलिन किंवा ३०/७० चं मिश्रण (३० टक्के साधं, ७० टक्के गढूळ) जेवणाआधी अर्धा तास द्यायचं असतं. कुकर अजून चढायचा असेल तर इंजेक्शनही थांबू द्या.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. दहा मिलीच्या बाटलीवर बहुतेक वेळा ‘४० आययू’ लिहिलेलं असतं, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. इन्सुलिनच्या पेनमध्ये बसणारं कार्ट्रिज (औषधाची नळी) १०० चं असतं आणि काही बाटल्याही १०० च्या येतात. सिरिंजाही दोन. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची, १०० च्या बाटलीला केशरी टोपणाची. दोन्ही एक मिलीच्याच, शेजारी ठेवल्या तर टोपण आणि आकडे सोडून सारख्याच दिसतात.

आता हिशेब बघा. ४० ची बाटली घेतली आणि केशरी सिरिंज २० च्या रेघेपर्यंत भरली, तर आत फक्त ८ युनिट गेली. उलट १०० चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं, तर ५० युनिट गेली. पहिल्या चुकीत शुगर उतरत नाही. दुसऱ्या चुकीत माणूस बेशुद्ध पडतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून पेन बिघडलं की कार्ट्रिजमधून लाल सिरिंजने औषध ओढायचं नाही, कितीही अडलं तरी.

हे मला नोकरीच्या सुरुवातीला एका आजींनी शिकवलं. पायाच्या जखमेसाठी दाखल झालेल्या. घरच्या चिठ्ठीवर सकाळी ३६ पॉइंट, म्हणजे युनिट. डॉक्टरांनी तेच चालू ठेवलं, मी लाल सिरिंजमध्ये ३६ भरून दिले, आजींनी नाश्ता केला. अकराच्या सुमारास त्यांचं लुगडं घामाने भिजलं, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. शुगर ४८. शिरेतून डेक्स्ट्रोज (साखरेचं पाणी) दिल्यावर आजी सावरल्या, पण सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी पुन्हा पुन्हा बाटली बघत होते. माझं माप बरोबर होतं. दुपारी सुनेने पिशवी उपसली. अंगाऱ्याची पुडी, शुगरची वही आणि रबर लावलेला सिरिंजांचा जुडगा. सगळी टोपणं केशरी.

घरी ३६ म्हणून त्यांच्या अंगात साडेचौदाच युनिट जात होती. शुगर उतरत नाही म्हणून प्रत्येक भेटीत डोस वाढत गेला होता. आम्ही पहिल्यांदा खरे ३६ दिले आणि ते त्यांच्या सवयीच्या अडीचपट झाले.

म्हणून नीट वाचा: आपल्या घरात चुकीची सिरिंज चालू होती असं आज लक्षात आलं, तर नुसती सिरिंज बदलून तोच आकडा देऊ नका. डोस त्या चुकीवरच ठरवलेला असू शकतो. आधी डॉक्टरांना फोन करा, बाटलीवर काय लिहिलंय आणि टोपण कुठल्या रंगाचं होतं ते सांगा, नवा आकडा घ्या. दवाखान्यात दाखल होतानाही घरची बाटली आणि सिरिंज दोन्ही सोबत न्या. नुसती चिठ्ठी पुरत नाही.

‘लाल नाही, केशरी घ्या, फक्त अडीचपट भरा’ हा सल्ला मेडिकलच्या काउंटरवर मी स्वतःच्या कानांनी ऐकला आहे. मला त्याचा मनस्वी राग येतो. हिशेब बरोबर आहे, हे मान्य. पण पहाटे साडेसहाला, चष्मा सापडत नसताना, मुलगा गावाला गेलेला असताना हा गुणाकार कोण करणार? आणि पुढच्या महिन्यात लाल सिरिंज मिळाली की सवयीने तीही अडीचपट भरली जाते. बाटलीला जुळणारी सिरिंज मिळाली नाही तर दुसऱ्या दुकानात जा. वीस मिनिटं मोडतील, मोडू द्या.

आणखी एक पडताळणी मी सगळ्यांना शिकवते. ४० च्या बाटलीत एकूण ४०० युनिट असतात. सकाळी २० आणि संध्याकाळी २० घेत असाल, तर बाटली दहा दिवसांत संपायला हवी. ती पंचवीस दिवस पुरली, तर माप चुकतंय. बाटली फोडल्याची तारीख लेबलवर लिहा. फोडलेली बाटली साधारण चार आठवड्यांनी टाकायचीच असते, त्यालाही ती तारीख उपयोगी पडते.

चिठ्ठीवर ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहून घ्या. घाईच्या अक्षरात इंग्रजी ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात.

गढूळ इन्सुलिन असेल तर बाटली तळहातांमध्ये दहा वेळा घोळवा, दहा वेळा वरखाली करा, दुधासारखं एकसारखं दिसेपर्यंत. घुसळू नका, फेस होतो. घोळवूनही गुठळ्या राहिल्या तर ती बाटली टाकून द्या. जेवढे युनिट हवेत तेवढी हवा आधी बाटलीत सोडा, बाटली उलटी धरा, औषध ओढा, बुडबुडे टिचकी मारून वर घालवा. आकडा डोळ्यांच्या रेषेत धरून वाचा, दट्ट्याच्या सुईकडच्या कडेला. साधं आणि गढूळ एकाच सिरिंजमध्ये घ्यायला सांगितलं असेल, तर आधी पारदर्शक, मग गढूळ. ग्लार्जिन हे दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन कशातही मिसळायचं नाही.

पोटावर द्या, बेंबीपासून दोन बोटं सोडून, किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला. कातडी चिमटीत धरून टोचा, दहापर्यंत मोजा, सुई काढा, चोळू नका. रोज जागा बोटभर सरकवा. एकाच ठिकाणी टोचलं की तिथे गाठ होते. ती दुखत नाही म्हणून लोक तिथेच टोचत राहतात, आणि गाठीतून औषध कधी कमी लागतं, कधी एकदम.

शुगर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, थरथर, गोंधळ दिसला, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग काहीतरी खायला द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, तडक दवाखाना गाठा. चतुर्थी-एकादशीचा उपवास असेल तर डोसचं डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारा. ताप आला, जेवण गेलं म्हणून इन्सुलिन आपल्या मनाने बंदही करू नका. तेव्हाही फोनच करा.

न फोडलेल्या बाटल्या फ्रिजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यापासून लांब. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामी. विदर्भातल्या मे महिन्यात फ्रिज नसेल, तर बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून डबी ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवा. माझ्या चंद्रपूरकडच्या कितीतरी पेशंटांनी उन्हाळे असेच काढले.

वापरलेली सिरिंज शाम्पूच्या किंवा फिनेलच्या जाड बाटलीत टाका, झाकण घट्ट लावा, बाटली भरली की जवळच्या दवाखान्यात सुयांच्या डब्यात देता येते का विचारा. घरच्या कचऱ्यात सुटी सुई टाकली की ती कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हातात घुसते.