मिशन ट्रिपचा शेवटचा दिवस कसा घालवायचा (नेपाळच्या अनुभवावरून)

मिशन ट्रिप म्हणजे चर्चची टीम शिकवायला, सेवेला दुसरीकडे जाते तो दौरा. तिथलं सगळं घरी जाऊन निवांत लिहू असं म्हणालात की संपलं. परतताना सीमेअलीकडे गोरखपूरला ट्रेनमध्ये बसलो की मोबाईल हातात येतो आणि घरचे विषय सुरू होतात. म्हणून शेवटचा अख्खा दिवस मोकळा ठेवा, कार्यक्रम नको आणि शॉपिंग तर नकोच. बायबलमध्ये मार्कच्या ६ व्या अध्यायात बघा ना, प्रेषित (येशूने पाठवलेले शिष्य) परत आले, केलेलं शिकवलेलं सगळं त्यांनी येशूला सांगितलं आणि तो म्हणाला एकांतात चला, थोडा विसावा घ्या.

सकाळी प्रार्थना झाली की तासभर कुणी कुणाशी बोलायचं नाही, वही घेऊन बसायचं. किती मीटिंगा घेतल्या, किती घरं फिरलो हे लिहू नका, ते लीडरकडे असतंच. एकच माणूस डोळ्यासमोर आणा आणि त्याच्यासोबत नेमकं काय झालं ते लिहा. माझ्या वहीत एक आमा आहेत, नेपाळीत आमा म्हणजे आई. नेपाळात सुट्टी शनिवारी म्हणून उपासनाही शनिवारी, चपला बाहेर, सगळे जमिनीवर, कोपऱ्यात मादल (तिथला ढोल) चाललेलं. आमांनी त्यांचं बायबल माझ्याकडे सरकवलं. लिपी देवनागरीच त्यामुळे वाचता येत होतं, चर्चसाठीचा मण्डली हा शब्द तर आपल्या मंडळीसारखाच, पण उच्चार चुकले की त्यांचं बोट त्या शब्दावर थांबायचं, नख मधोमध फुटलेलं, आणि मी नीट म्हणेपर्यंत ते पुढे सरकायचं नाही. शिकवायला मी गेलेलो तिथे.

दुपारी गोल करून बसा. प्रत्येकाला पाच-सात मिनिटं, मध्ये कुणी बोलायचं नाही, सल्ला पण द्यायचा नाही. टीममध्ये कुरबुर झालीच असेल तर माफी इथेच मागून मोकळे व्हा, घरी गेल्यावर कुणी विषय काढत नाही.

मग सगळ्यात अवघड काम. तिथल्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना विचारा, आमच्यामुळे तुम्हाला त्रास काय झाला, आणि मग गप्प बसा, खुलासे देऊ नका. आमचे पाळक आधी काही नाही काही नाही म्हणत राहिले, खूप आग्रह केल्यावर बोलले की मीटिंग लांबते, मग बायकांना उशिरा स्वयंपाक करून अंधारात घरी जावं लागतं. आम्हाला दहा दिवसांत हे दिसलंच नव्हतं!

फोटोंचं मनापासून सांगतो. नेपाळच्या २०१७ च्या फौजदारी कायद्यात, जो ऑगस्ट २०१८ पासून लागू झाला, धर्मांतर करवणं गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड, परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. आपण निघून येतो, राहतात ते. मी एक ग्रुप फोटो टाकला होता, त्याच रात्री पाळकांचा फोन आला, लगेच काढला पण झोप लागली नाही. चेहरे नको, गावाचं नावही नको.

आपल्या चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे अनुभव सांगायला, दहा मिनिटं मिळतील, त्यात तो वहीतला एकच माणूस सांगा, नाव न घेता. त्यांच्या गरिबीची वर्णनं करू नका प्लीज, त्या घरात आपण पोटभर जेवलोय.

आणि महिन्याभराने फोन नक्की करा, शनिवारी दुपारी, उपासना आटोपल्यावर, त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं.