घर बुक करण्याआधी सहा महिने हप्ता भरून बघा

माझी सगळी नोकरी बँकेच्या गृहकर्ज विभागात झाली. पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांतली तरुण जोडपी समोर बसली की पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, आम्हाला किती कर्ज मिळेल?" आता कंपन्यांतल्या कपातीच्या बातम्या ऐकून भाचरंही मला फोन करतात, आणि आवाजातली धास्ती लपत नाही. त्यांना मी सांगते, किती मिळेल ते बँक सांगेलच; एकाचा पगार थांबला तर किती महिने निभेल, ते आधी तुम्ही काढा.

पुणे महापालिका हद्दीतला, बांधकाम चालू असलेला 70 लाखांचा फ्लॅट धरू. या रकमेला बँक जास्तीत जास्त 80 टक्के, म्हणजे 56 लाख देईल. उरलेले 14 लाख तुमचे. त्यावर मुद्रांक शुल्क 7 टक्के, नोंदणीचे 30 हजार आणि 5 टक्के जीएसटी मिळून आणखी 8 लाख 70 हजार, आणि तेही बहुतेक खिशातूनच जातात. भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेलं तयार घर घेतलं तर जीएसटी लागत नाही. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, इथे चक्क 70 हजार. नवऱ्याचं नाव जोडलं की ती गेली.

साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी 56 लाखांचा हप्ता साधारण 48,600 बसतो. आता भाडं 22 हजार भरत असाल तर पगाराच्या दिवशीच वरचे 26,600 वेगळ्या खात्यात टाका, सलग सहा महिने. गणपती, दिवाळी, गाडीचा विमा, आईचं औषधपाणी सगळं त्यात येऊ द्या. दर महिन्याला त्या खात्यातून उसनं काढावं लागलं, तर घर लहान बघा किंवा थोडं थांबा. जमलं, तर दीड लाखाच्या वर शिल्लक हातात राहते. ती मॉड्युलर किचनमध्ये घालू नका. निदान सहा हप्त्यांएवढी रक्कम एफडीत पडून असल्याशिवाय सही करू नये, असं माझं ठाम मत आहे.

हाच हिशेब साडेनऊ टक्क्यांनी पण करा, हप्ता 52,200 च्या आसपास जातो. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो, 4 वरून 6.5 टक्के झाला, तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला आणि मुदत मात्र गुपचूप वाढली. दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायचा हक्क तुम्हाला आहे. बँकेला लेखी कळवा. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या कर्जात मध्येच जादा पैसे भरले तर दंडही नाही, म्हणून बोनस तिकडेच वळवा.

जागा बघायला एप्रिल-मेमध्ये जा. वाघोली, उंड्री, बावधन भागात उन्हाळ्यात टँकर किती येतात ते सेल्स ऑफिसात नाही, शेजारच्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा. तिथल्या कुणाकडून मेंटेनन्सचं बिल मागून बघा. टँकरचा खर्च वाढला की मेंटेनन्सही वाढतो, आणि तो दरमहाच्या गणितात धरलाच पाहिजे.

पाडव्याच्या किंवा दसऱ्याच्या 'आजच बुक करा' ऑफरला घाबरून टोकन देऊ नका. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, वेबसाइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून ताब्याची तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली आणि दाखल झालेल्या तक्रारी बघा. नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. करारनाम्याचा मसुदा घरी आणून वकिलाला दाखवा. मसुदा घरी द्यायला जो का-कू करतो, त्याच्याकडून घर घेऊ नका.